टिटवीचा दगड

स्वतःच्या मरणाची गोष्ट टिटवीने ऐकली ती भर उन्हात, बसमधून उतरलेल्या घोळक्यात उभं राहून, अर्धं सोललेलं संत्रं हातात धरून.

गोष्ट सांगणारी मुलगी पंचविशीच्या आतबाहेरची होती. गळ्यात गावसमितीचं ओळखपत्र, आवाज खणखणीत, आणि एखादा शब्द ठासून सांगायचा असला की तिची डावी भुवई वर चढायची. ती भुवई टिटवीने तिथल्या तिथे ओळखली. थोरल्या भावाची होती ती. म्हणजे ही दादाची मुलगी; आपण या गावातून निघालो तेव्हा जन्मालाही न आलेली आपली भाची.

जुन्या धक्क्याच्या टोकाला, जिथून पायऱ्या पाण्यात उतरतात, तिथे छातीएवढ्या उंचीचा काळा दगड उभा होता. त्यावर एक लहानशी होडी कोरलेली आणि होडीखाली अक्षरं: ‘दोरवाल्यांच्या लेकीस’. भाचीने दगडावर हात ठेवला आणि सांगितलं की ही माझी सख्खी आत्या. काटक्यांसारखे पाय आणि चिरका आवाज, म्हणून घरात तिला टिटवी म्हणायचे. एका रात्री वादळ उठलं, गावच्या होड्या समुद्रात अडकल्या, किनारा कुठे आहे ते कुणाला कळेना. तेव्हा ही एकटी मुलगी वडिलांची होडी काढून, कंदील घेऊन निघाली. होड्या सगळ्या सुखरूप परत आल्या. टिटवीची मात्र रिकामी होडी तेवढी सापडली, खाडीच्या तोंडाशी, उलटी तरंगताना. तेव्हापासून समुद्रावर जाणारा माणूस या दगडाला हात लावल्याशिवाय होडीत पाय ठेवत नाही.

बसमधल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. एका गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढली.

टिटवीच्या शेजारी उभ्या असलेल्या सुनेने हळूच विचारलं, “आई, ही तुमचीच गोष्ट ना?”

“माझीच,” टिटवी म्हणाली. “फक्त मला अंधाराची भीती वाटायची. आणि वादळ कसलं, त्या दिवशी पान हलत नव्हतं.”

त्या पहाटे ती खरंच वडिलांची होडी घेऊन गेली होती, पण एकटी नव्हे. वल्ही बर्फाच्या कारखान्यातल्या मेकॅनिकच्या हातात होती. खाडी ओलांडून दोघांनी पलीकडच्या काठाला होडी घाईघाईत बांधली, सडक गाठली आणि लग्न केलं. होडीची गाठ सुटून ती वाहत गेली असणार. पुढे महिन्याभराने टिटवीने एका माणसाबरोबर घरी निरोप धाडला की मी सुखात आहे, एकदा भेटायला येऊ का. उत्तर दादाकडून आलं: ‘आमच्यासाठी ती मेली.’ हे वाक्य टिटवीने पस्तीस वर्षं मनात वागवलं होतं, पण रागाचं वाक्य म्हणून. माणसं रागात असं बोलतात. ते शब्दशः घ्यायचं तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि इथे घरच्यांनी तिला रीतसर मारून, वर दगडही उभा करून ठेवला होता.

तिला हसूच येत होतं. स्वतःच्या शौर्याचं कौतुक ऐकायला कुणाला आवडत नाही? सुनेच्या कानात ती आणखी काहीतरी सांगणार, एवढ्यात भाची म्हणाली, “माझे आजोबा अजूनही रोज सकाळी इथे येऊन बसतात. आत्याशी बोलतात. घरात काय चाललंय ते सगळं तिला सांगतात.”

टिटवीने हातातलं संत्रं सुनेकडे दिलं. बाबांना माहीत नव्हतं. ‘आमच्यासाठी’ या शब्दात बाबाही आहेत असं ती इतकी वर्षं धरून चालली होती, आणि बाबा बिचारे त्या शब्दात कधी नव्हतेच.

इथे येण्याची कल्पना सुनेची. टिटवीचा नवरा गेल्या वर्षी गेला. जाण्याआधी त्याने सुनेला जवळ बोलावून एवढंच सांगितलं होतं की हिला एकदा गावी घेऊन जा, स्वतःहून ती कधी जायची नाही. सून ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. घाबरणाऱ्या माणसांना रस्त्यावर आणणं हाच तिचा धंदा. तरी स्वतःची गाडी न काढता तिने सहलीच्या बसची तिकिटं काढली. टिटवीने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, “मी गाडी चालवली तर तुम्ही अर्ध्या वाटेवरून मागे फिरायला लावाल. बस काही तुमच्यासाठी फिरत नाही.”

आता मात्र तिनेच विचारलं, की बसमध्ये जाऊन बसायचं का, मी येते बरोबर. टिटवीने मान हलवली आणि ती घोळक्यामागून चालू लागली.

गल्ली तीच होती, फक्त अंघोळ घालून नवे कपडे चढवल्यासारखी दिसत होती. फरशा घासलेल्या, भिंती पांढऱ्याफेक, खिडक्यांना निळा रंग. लोहाराच्या दारावर पाटी होती की इथे पूर्वी लोहार राहत असे, आणि त्या पाटीखालीच लोहार खुर्ची टाकून बसला होता, चांगला म्हातारा होऊन. त्याने टिटवीकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. ती पुढे झाली. जाळी विणणाऱ्यांच्या घराशी भाची थांबली, जाळ्यांविषयी बोलली, कुणीतरी फोटो काढले. टिटवीचं लक्ष पुढच्या वळणावर होतं. त्या वळणाच्या पलीकडे दोरखाना, आणि दोरखान्याला लागून घर.

दोरखाना म्हणजे एक लांबच लांब, अरुंद शेड. एका टोकाला लोखंडी आकडे लावलेलं हातचक्र. तिथे वाखाच्या धाग्यांचे पेड अडकवायचे, चक्र फिरवायचं आणि दोर वळणाऱ्याने पेड हातातून सोडत मागे मागे जायचं. टिटवीचं बालपण त्या चक्राच्या कुरकुरीत गेलं होतं. आता भिंतींवर फोटो लागले होते आणि लोकांना उभं राहण्यासाठी आखलेली एक रेघ होती. रेघेच्या आत पांढऱ्या शर्टात, छातीला समितीच्या अध्यक्षाचा बिल्ला लावून दादा उभा होता. केस गेले होते, पोट आलं होतं, पण उभं राहण्याची तऱ्हा तीच, जणू समोरची जमीन त्याच्या नावावर आहे.

तो लोकांना हसवत होता. दोर वळणारा आयुष्यभर उलटा चालतो, म्हणून त्याला मागचं सगळं पाठ असतं आणि पुढचं काही दिसत नाही, असं काहीबाही सांगत होता. मग म्हणाला की चक्राजवळ पेडाला हात लावून ताण सांभाळायला कुणीतरी हवं.

“आमच्या आई येतील,” सुनेने लगेच सांगून टाकलं आणि टिटवीला पाठीमागून हलकेच ढकललं.

टिटवी चक्राजवळ गेली. दादाने तिच्याकडे न पाहता पेड हातात दिले आणि नेहमीच्या सवयीने मागे चालायला लागला. तिच्या बोटांना काही सांगावं लागलं नाही. दहा-बारा पावलांवर दादा अडखळला. दोरातून येणारा तो ताण त्याला ओळखीचा वाटला असावा. त्याने मान वर केली.

शेडच्या लांबीएवढं अंतर होतं, तरी त्याच्या चेहऱ्यावरून रक्त उतरलेलं तिला दिसलं. पण माणूस पक्का. त्याने दोर पुरा केला, टाळ्या घेतल्या, सगळ्यांना अंगणात चहा घ्यायला सांगितलं, मुलीला त्यांच्याबरोबर जायला खुणावलं आणि शेड रिकामी झाल्यावर टिटवीसमोर येऊन उभा राहिला.

“कशाला आलीस?”

“सहलीला,” टिटवी म्हणाली. “तिकीट काढून आलेय.”

दादाने मग बरंच काही सांगितलं, आवाज न चढवता, एखाद्या बैठकीत हिशेब मांडावा तसं. होडी सापडल्यावर बाबा स्वतः पाण्यात उतरून शोधत राहिले, शेवटी तापाने आडवे झाले. त्यानंतर तिचा निरोप आला. आई म्हणाली, आता कोणत्या तोंडाने सांगायचं. धाकटीचं लग्न ठरत होतं. बहीण पळून गेलेली म्हटल्यावर ते मोडलं असतं. बुडालेली म्हटल्यावर सगळे हळहळले आणि लग्न लागलं. वादळ आणि कंदील गावाने आपल्या पदरचे घातले. आई गेली तेव्हा ती गोष्ट इतकी मोठी झाली होती की तिला हात लावायची सोय उरली नव्हती.

“मी रचलं नाही,” तो म्हणाला. “मी फक्त खोडलं नाही.”

“मग आता खोड.”

“बाबांचं हृदय नाजूक झालंय. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. तू आता त्यांच्यापुढे उभी राहिलीस आणि त्यांचं काही बरंवाईट झालं, तर या वेळी खरंच कुणीतरी मरेल, टिटवे.”

भांडायची तयारी करून ती आली होती. अपमान झाला तर काय बोलायचं तेही तिने बसमध्ये मनातल्या मनात घोकून ठेवलं होतं. ताडपत्र्या शिवायचा कारखाना तिने नवऱ्याच्या बरोबरीने उभा केला होता, ट्रकवाल्यांशी, गिऱ्हाइकांशी, कुणाशीही ती दोन हात करू शकत होती. पण बाबांच्या हृदयाशी कसं भांडायचं? दादा खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. तो खरं बोलत होता हे त्याच्या आवाजावरून कळत होतं.

तेवढ्यात घराकडच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. वहिनी होती. टिटवी घरातून गेली त्याच्या आदल्याच वर्षी ती लग्न होऊन आली होती, आणि बर्फवाल्याचे निरोप घरात पोहोचायचे ते तिच्याच मार्फत. आता तिचे केस पिकले होते. तिने टिटवीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“वन्सं,” एवढंच ती म्हणाली आणि कोपराला धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

सून मागोमाग आलीच. धाकटी बहीण दोनच घरं पलीकडे दिलेली होती. अंगणात पाहुण्यांना चहा देत होती, तिला वहिनीने हाक मारली. ती हात पुसत आली, टिटवीला पाहून भिंतीला टेकली आणि मग गळ्यात पडून इतकी रडली की सुनेने तिच्यासाठी पाणी ओतून आणलं. ताई मला माहीत होतं, ताई मला स्वप्नात तू कधी ओली दिसली नाहीस, असं तिचं चाललं होतं. पण दादा आत येऊन बाबांच्या तब्येतीचं बोलला तशी ती हळूहळू सुटी झाली. डोळे पुसून म्हणाली की दादा म्हणतो तेही खोटं नाही. आज नको. आधी बाबांच्या मनाची तयारी करू, मग बघू. बोलताना ती टिटवीकडे पाहत नव्हती. तिचं लग्न ज्या गोष्टीवर लागलं होतं, ती गोष्ट आता तिच्या सासरी कोण कशी ऐकेल हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. टिटवीला तिचा राग आला नाही. वाईट वाटलं.

मग भाची आली. पाहुण्यांना चहावर सोडून ती मघापासून दाराबाहेर ऐकत उभी होती.

“मी ही गोष्ट रोज सांगते,” ती टिटवीला म्हणाली. “सांगताना मला दर वेळी रडू येतं. खरं रडू. तुमच्यासाठी.”

“आवाज छान आहे तुझा,” टिटवी म्हणाली. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

त्यावर ती मुलगी रागाने लाल झाली, काहीतरी लागेल असं बोलायला तिने तोंड उघडलं, आणि मधेच तिची नजर वडिलांवर गेली. राग तसाच वळून तिकडे निघाला.

“बाबा, आजोबा दगडापाशी बसतात तेव्हा ऊन लागू नये म्हणून तुम्ही त्यांना छत्री नेऊन देता.”

दादाने शेगडीकडे तोंड फिरवलं. सून पुढे झाली.

“मामी, मी एक विचारू का? इतकी वर्षं दुःख करून आजोबांचं हृदय टिकलं. ते आनंदाने बंद पडेल, असं डॉक्टर म्हणालेत का?”

“बाहेरच्या माणसाने यात पडू नये,” दादा म्हणाला.

“बाहेरची कशी?” वहिनी म्हणाली. “आपली भाचेसून आहे ती.” तिने शेगडीवरचा चहा खाली उतरवला, फडताळातून एक मोठा कप काढला आणि त्यात गाळला. “मामंजी धक्क्यावरून येऊन जरा पडले होते, त्यांची उठायची वेळ झाली. आज चहा वन्सं नेतील.”

“मी या घरात काही म्हणालो ना आत्ताच?”

“खूप म्हणालात,” वहिनी म्हणाली. “कप गार होतोय.”

तिने बशी टिटवीच्या हातात दिली. टिटवीने दबक्या आवाजात विचारलं की झेपेल का त्यांना. वहिनीने डोळ्याला डोळा भिडवला. “त्यांच्या गोळ्या रोज मी देते. रात्री खोकला आला तर उठून मी बसते. माझ्याएवढं त्यांना कुणी ओळखत नाही. झेपेल. मी दारात उभी आहे.”

धाकटीने तोंडात पदर कोंबला. मग अचानक पुढे येऊन तिने टिटवीच्या विसकटलेल्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी टिटवी तिच्या केसांवरून फिरवायची तसा, आणि दादाच्या वाटेत उभी राहिली.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. आता फार लहान दिसत होते, हात मात्र तसेच, दोराने घासून घासून जाड झालेले. टिटवीने कप तिवईवर ठेवला.

“आज पाहुणे फार आलेत वाटतं,” ते बाहेर पाहत म्हणाले.

“हो,” टिटवी म्हणाली.

कपाकडे निघालेला त्यांचा हात वाटेतच थांबला.

“कोण गं?”

“मी, बाबा. टिटवी.”

ते इतके निश्चल झाले की तिने आधी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं, छाती हलते आहे का म्हणून. दारातून वहिनी एक पाऊल आत आली. बाबांनी हात वर करून तिला थांबवलं.

“अशी उजेडात ये.”

टिटवी खिडकीसमोर सरकली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, खूप वेळ, घाई न करता. वळून झालेला दोर कुठे कच्चा तर राहिला नाही ना, हे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचे तसं.

“म्हातारी झालीस,” ते म्हणाले.

“तुमच्याइतकी नाही.”

बाबा हसले. हसता हसता त्यांना रडू फुटलं, आणि रडता रडता पुन्हा हसू, आणि टिटवीने जमिनीवर बसून त्यांच्या मांडीवर डोकं टेकवलं. तिने सगळं सांगितलं: खाडी, सडक, लग्न, कारखाना, मुलगा, नात, आणि गेल्या वर्षीचं मरण. बर्फवाला म्हणजे तो लांब ढांगांचा का, असं बाबांनी विचारलं. तोच, ती म्हणाली. माणूस चांगला होता, बाबा म्हणाले, मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं.

“विचारायचं धाडस झालं नाही.”

“वादळात कंदील घेऊन जाणारी तू,” बाबा म्हणाले, “आणि एवढं धाडस नव्हतं?”

ती हसली. बाबांचं हसू मात्र तिथेच थांबलं. दाराकडे वळून त्यांनी विचारलं की हे कुणाकुणाला ठाऊक होतं. दादा आता वहिनीच्या मागे येऊन उभा होता, त्याची मान खाली गेली होती, आणि बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

“म्हणजे तुम्ही मला दगडाशी बोलायला लावलंत,” ते म्हणाले. “तुझी आई गेली, ते मी जाऊन दगडाला सांगितलं. नातीचा जन्म झाला, ते दगडाला सांगितलं. आणि माझी मुलगी तिकडे जिवंत, कान शाबूत असलेली.” त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. “माझी काठी द्या. तिथे जायचंय मला.”

वहिनीने काठी दिली. गोळीही दिली, ती त्यांनी न कुरकुरता गिळली. एका बाजूने टिटवी, दुसऱ्या बाजूने धाकटी, मागे वहिनी, भाची आणि सून, अशी ती मंडळी अंगणातून बाहेर पडली. चहा पिणारे पाहुणे कप हातात घेऊन उठले. लोहार खुर्ची सोडून अंगणाच्या दारापर्यंत आला होता, आणि बाबा त्याच्यासमोर थांबले.

“माझी मुलगी,” त्यांनी सांगितलं. “बुडाली नव्हती.”

पुढे प्रत्येक दारात ते थांबले. दर दारात तेच सांगितलं, आणि दर वेळी आवाज थोडा वाढला. जाळीवाल्यांच्या थोरल्या सूनबाईंनी टिटवीचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं. धाकटीची सासू ओट्यावर उभी होती. धाकटीचं पाऊल जड झालं. मग तिनेच, बाबांच्या आधी, मोठ्याने म्हटलं, “ही माझी ताई,” आणि सासूने जरा वेळ पाहून मान डोलावली आणि तीही ओट्यावरून उतरून चालू लागली. धक्क्यावर पोहोचेपर्यंत निम्मा गाव मागे होता.

बाबांनी काठीने दगड दाखवला. “आडवा करा.”

होडीवरच्यांचा म्होरक्या, एक म्हातारा तांडेल, पुढे आला. त्याने चाचरत सांगितलं की समुद्रावर जाताना आम्ही याला हात लावतो, सवय झाली आहे. बाबा म्हणाले की आडवा झाल्यावरही हात लावता येईल, वाकावं लागेल एवढंच. लोक हसले आणि मग कुणाला थांबवायचं कारण उरलं नाही. गवंड्याने पहारी आणल्या. भाचीने ओळखपत्र काढून खिशात घातलं आणि पहिली पहार तिनेच मारली. बुंध्याशी खणून झाल्यावर दोरखान्यातला जाड दोर दगडाला बांधला, आणि माणसं ओढायला उभी राहिली. त्यात टोपीवाले गृहस्थ होते, मघा रडलेल्या बाई होत्या, आणि सगळ्यांत पुढे सून, गाडी शिकवताना बसते तशी पाय रोवून.

“असा ओढलात तर पडून दोन तुकडे होतील.”

दादाचा आवाज होता. तो गर्दीतून आला, खांद्यावर दुसरा दोर घेऊन. त्याने कुणाकडेच पाहिलं नाही. दगडाच्या मागच्या अंगाने दोर घातला, गाठ पक्की केली आणि ते टोक स्वतःच्या कमरेभोवती वळवून घेतलं. पुढच्यांनी हळू ओढायचं, तो म्हणाला, भार मागे मी धरतो.

भार एका माणसाचा नव्हता. टिटवीने क्षणभर विचार केला. मग बाबांचा हात धाकटीकडे देऊन ती गेली आणि दादाच्या मागे दोर धरून उभी राहिली.

“सोडू नकोस,” दादा मागे न बघता म्हणाला.

“तू सोडू नकोस,” टिटवी म्हणाली.

दगड करकरला, झुकला. दोघं दोर हातातून इंच इंच सोडत गेली, तळवे भाजले, दादाची मान घामाने निथळली. एकदा त्याचा पाय सरकला तेव्हा टिटवीने सगळं अंग मागे टाकून ताण धरला. शेवटी दगड जमिनीला टेकला, अलगद, झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा. सगळीकडून आरोळी उठली.

बाबा काठी टेकत गेले आणि त्या दगडावर बसले. हाताने बाजूची जागा झटकली.

“इतकी वर्षं याच्यासमोर बसलो,” ते म्हणाले. “आता याच्यावर बसणार. ये.”

टिटवी त्यांच्या शेजारी बसली. दगड उन्हाने तापला होता. थोड्या वेळाने बाबांनी दादाकडे पाहिलं. तो बाजूला उभा राहून दोर गुंडाळत होता, गरजेपेक्षा फारच नीट. बाबांनी त्याला हाक मारली नाही, पण ते टिटवीच्या बाजूला थोडे सरकले, दुसरीकडे एका माणसापुरती जागा राहील एवढे. दादाने ती जागा पाहिली. दोर गुंडाळून झाल्यावर तो आला आणि टोकाला बसला.

भाची समोर उभी होती, हात मातीने भरलेले. तिने विचारलं, “आत्या, दुपारच्या लोकांना आता मी काय सांगू?”

“खरं ते सांग. बर्फवाल्याबरोबर पळून गेली आणि सुखाने नांदली.”

“त्यात कुणाला रडू येणार?”

“मग मला बोलाव. मी चहा पाजेन त्यांना.”

वरच्या रस्त्यावरून बसचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. पाहुणे नाइलाजाने पांगले, टोपीवाले गृहस्थ जाता जाता बाबांशी हात मिळवून गेले. टिटवी उठू लागली तेव्हा बाबांनी तिचं मनगट धरलं, आणि ते सोडवून घ्यायचा तिने मुळीच प्रयत्न केला नाही. ते पाहून सूनच धावत वर गेली. ड्रायव्हर दारात उभा राहून माणसं मोजत होता. दोन कमी भरत होती, तो वैतागला होता.

“आमच्यासाठी थांबू नका,” सून म्हणाली. “सासूबाई माहेरपणाला आल्या आहेत.”

ड्रायव्हरने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, खाली धक्क्यावरच्या गर्दीकडे पाहिलं. बस पुन्हा येईल तेव्हा जागा राखून ठेवायला हवी, म्हणून त्याने विचारलं की मग परत कधी जाणार.

“ते त्यांच्या वडिलांना विचारायला हवं,” सून म्हणाली.